पुसलेली पुडी

परवा अकोल्याला भावाकडे गेले होते. भाची कपड्यांच्या कपाटात बसून बोलत होती. आत कपडे, ती आणि एक माइक, आणि बाहेर वहिनीचा जीव खालीवर. घामाघूम होऊन बाहेर आल्यावर तिने मला समजावलं की याला पॉडकास्ट म्हणतात. "रेडिओ नव्हे हं, आत्या. रेडिओ त्याच्या वेळेला बोलतो, हे तू तुझ्या वेळेला ऐकायचं. याचे भाग असतात. ठरल्या दिवशी मी नवा भाग चढवला, की ज्यांनी मागून ठेवलाय त्यांच्या फोनमध्ये तो आपोआप उतरतो. कुठलं केंद्र नको, कुणाची परवानगी नको."

मी विचारलं, "आणि एखादा भाग मागे घ्यायचा झाला तर?"

"माझ्याकडचा मी काढून टाकीन. पण ज्यांनी उतरवून घेतला त्यांच्याकडे राहतोच ना तो. तिथून कसा काढणार?"

मी नुसती मान हलवली. आत्याच्या डोक्यावरून गेलं, असं तिला वाटलं असावं. वरूडला अशाच एका कपाटाच्या वरच्या मजल्यावर मी काही वर्षं भाड्याने राहिले होते, हे तिला कुठून माहीत असणार? तेव्हा त्याला काय म्हणतात ते मलाही माहीत नव्हतं. आणि कपाटाच्या मालकांना तर ते कधीच कळलं नाही.

त्यांना सगळं वरूड चाचा म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागले. मी तिथल्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते. तासिका तत्त्वावरची माणसं नोकरीत नसतात, पण सुटतही नाहीत. अमरावतीहून रोजचं येणंजाणं झेपेना तेव्हा चाचांची वरची खोली पाहायला गेले. चाची वारलेल्या, मुलगी बाळापूरला दिलेली, खाली चाचा एकटेच. त्यांनी भाड्याच्या आधी कुकरची चौकशी केली.

"कुकर हाये तुमच्याजवय?"

"आहे."

"बाजाराच्या आदल्या दिवशी चार वाजल्यापासून कुकर लावाचा नाई. फोडणी देल्ली तं चालते. मिक्सर नाई. खोलीत चप्पल घालून फिराचं नाई. कबूल असन तं किल्ली घ्या."

माणूस सटकलेला आहे, असं मी त्याच दिवशी ठरवून टाकलं. पुढे ते मत बदलण्याची वेळ आली नाही, फक्त त्या सटकलेपणावर माझा जीव जडला.

खालच्या खोलीत चाचींच्या माहेरून आलेलं मोठं लाकडी कपाट होतं. त्याच्या फळ्या काढून चाचांनी आतून गाद्या आणि गोधड्या ठोकल्या होत्या. बाजाराच्या आदल्या दिवशी ते ओला पंचा डोक्यावर घेऊन आत शिरत, दार ओढून घेत आणि माइकसमोर बोलत. वरूडचा मे महिना ज्यांना माहीत आहे त्यांना हे काय प्रकरण होतं ते कळेल. बाहेर यायचे तेव्हा नुकतीच अंघोळ करून आल्यासारखे दिसत. लोकांचं बोलणं बाहेरून टेप करून आणलेलं असे, त्यातलं मात्र ते काहीही कापत नसत. कुत्रं भुंकलं तर भुंकलेलं राहू देत. मग माझ्याच कुकरवर एवढा राग का, असं मी एकदा चिडून विचारलं.

"कुत्र्यानं कोणाले काई होत नाई, मॅडम. शिटी आयकली का माणसाले भूक आठवते. सध्या गावात कोणाले भूक आठवून द्याची नाई."

त्यानंतर मी कुकरवरून वाद घातला नाही.

त्यांचं दुकान बसस्टँडजवळ. पूर्वी रेडिओ-टेप दुरुस्तीचं होतं, मी गेले तेव्हा मोबाइलचं झालं होतं. बाहेर पाटी होती, 'मेमरी कार्ड भरून मिळेल'. तेव्हा खेड्यापाड्यांतून बटणांचे फोन होते आणि नेट म्हणजे नावाला. बाजाराच्या दिवशी माणसं नखाएवढं कार्ड चाचांच्या हातावर ठेवायची आणि कुणी कव्वाल्या, कुणी भीमगीतं, कुणी भजनं, कुणी सिनेमाची गाणी भरून न्यायची. गाणी भरून झाली की चाचा विचारत, "पुडी टाकू?" पुडी म्हणजे चाचांनी आदल्या दिवशी कपाटात बसून केलेलं बोलणं. हो म्हटलं तर टाकायची, नाही म्हटलं तर राग नाही. पण विचारल्याशिवाय टाकायची नाही, हा नियम. गावात पुड्या सोडणारे पुष्कळ होते, पण दर हप्त्याला बांधून हातात देणारे हे एकटेच. हळूहळू उलटंच झालं. लोक येऊन म्हणू लागले, "गाणे राहू द्या चाचा, पुडी टाका." एकाची पुडी दुसरा आपल्या फोनवर घ्यायचा, दुसऱ्याची तिसरा. चाचा म्हणायचे, "मी वरूडात देतो, थे मोर्शीले कवा पोचते मले पत्ता लागत नाई."

तरुणपणी ते एका रेडिओ केंद्रावर आवाजाच्या चाचणीला गेले होते. आवाज छान आहे पण आधी बोलणं शुद्ध करून या, असं तिथल्या साहेबांनी सांगितलं. ते सांगताना चाचा अजून लाल व्हायचे. "त्याईच्या हवेत माह्या 'मले-तुले'ले जागा नवती. मंग म्या म्हटलं, हवाच नोको. हातोहात जाऊ." रेडिओवर त्यांचा दुसराही राग होता. "रेडिओ लावला का थो जे म्हणन थे आयका लागते. माह्यं तसं नाई. वावरात निंदाले गेला, कान मोकया हाये, तवा आयक. कटाळा आला, बंद कर. उद्या तेथूनच पुढं आयक. नाई आवडलं, पुसून टाक. मी काई तुह्या घरी भांडाले येत नाई."

पुडीत ते कधी 'श्रोतेहो' म्हणाले नाहीत. आपलं नावही सांगत नसत. खाकरून सुरुवात करायची आणि एकदम, "काय करून राहिला बे?" चारचौघं एकत्र बसून ऐकतात, मग एकालाच कशाला विचारता, असं मी म्हटलं होतं. ते म्हणाले, "आयकणारा एकच रायते. दोघं असले का थे आपसात बोलते." बहीण वारली तेव्हा मातीहून परतले आणि पंचा ओला करून तसेच कपाटात गेले. मी दारात उभी राहून म्हटलं, या हप्त्यात नसती केली तर चाललं असतं. "थो वाट पायते ना," चाचा म्हणाले. कोण, ते मी विचारलं नाही.

पुडीत दर वेळी एक माणूस असे. पोती शिवणारी बाई, शेंदूरजनाघाटचा कलमं बांधणारा, मसणवट्यातला लाकडंवाला. चाचा त्यांच्याकडे जाऊन बसत आणि एकच विचारत, तुमी काम कसं करता ते सांगा. ती वर्षं वाईट होती. बोअर कोरडे पडत होते, कपाशीला भाव नव्हता, संत्र्याच्या बागा उभ्या वाळत होत्या. कुणाच्या घरी काही झालं की टीव्हीवाल्यांच्या गाड्या यायच्या, बाईच्या तोंडापुढे माइक धरायच्या, आणि ती रडली की निघून जायच्या. चाचांना त्याचा संताप यायचा. "रडणं घ्याले लय लोकं येते. मी काम घेतो. काम सांगताना माणूस मोठा दिसते." पुडीत रडणं घ्यायचं नाही, ही त्यांची शपथच होती म्हणा.

गजूची पुडी अशीच कामाची. गजू संत्र्याच्या पेट्या भरायचा. खाली तणीस, म्हणजे भाताचा पेंढा, मग संत्र्यांचे थर, वर पुन्हा तणीस, आणि फळी ठोकून बंद. नुसत्या हाताने मोठं-बारीक वेगळं करताना तो बोलत राहायचा आणि आपल्याच बोलण्यावर हसायचा. चाचांनी त्याला भरणीच्या शेडमध्ये बसूनच बोलतं केलं. त्यात तो म्हणाला होता, "साऱ्या संत्र्याईले मी पेटीत भरून दिल्लीले धाडतो, अन् मी सोता वरूडच्या पुढं गेलो नाई. एक दिवस मीच पेटीत निजतो, वरून तणीस घेतो, अन् पाहून येतो फुकटात. पण बायकोले सांगू नोका, चाचा. थे म्हणन, जा, पण पयले भाजी आणून द्या." आणि मग लांबलचक हसणं. ती पुडी तालुक्यात घरोघरी गेली. मी वर्गात शिरले की मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणायचं, पयले भाजी आणून द्या.

पुढच्या साली संत्र्याला मृग बहार फुटलाच नाही. भरणीच्या शेड ओस पडल्या. गजू इकडे तिकडे हात मारून शेवटी ट्रकवर हमाल म्हणून जाऊ लागला, दुसऱ्या भागातला माल चढवायला-उतरवायला. मध्य प्रदेशातल्या एका घाटात त्याचा ट्रक उलटला आणि तो जागीच गेला. दवाखान्याची गाडी मिळाली नाही. संत्री उतरवून परत येणाऱ्या एका ट्रकवाल्याने त्याला घरी आणलं. खाली तणीस अंथरलं होतं, वरूनही तणीसच घातलं होतं. घरी बायको सुनंदा आणि कडेवरची पोरगी.

माणसं वाईट नसतात, पण त्यांना गोष्ट मिळाली की राहवत नाही. 'सोताच बोलला होता ना बे, जिभेवर तीळ होता त्याच्या' असं म्हणत जो तो गजूची पुडी पुन्हा लावू लागला. ज्यांनी पुसली होती त्यांनी दुसऱ्याकडून घेतली. चहाच्या टपरीवर गजू, सलूनमध्ये गजू, काळीपिवळीत गजू. मेल्यावर गजू जेवढा बोलला तेवढा जिवंतपणी बोलला नसेल.

एका दुपारी मी दुकानात रिचार्ज करत होते तेव्हा सुनंदा आली. पायरी चढलीच नाही.

"चाचा, थे बंद करा."

"काय बंद करू, बेटा?"

"त्याईचं हासणं. भाजी घ्याले जातो तं हासते. चक्कीवर जातो तं हासते. काल दवाखान्यात लाईनीत उभी होती, पुढच्याच्या खिशात हासून राहिले. मी कोठी जाऊ?"

चाचांनी हातातलं कार्ड खाली ठेवलं. रडणं घ्यायचं नाही म्हणून ज्या माणसाने एवढा नेम पाळला, त्याच्याच पुडीने ही बाई बाजारात रडत होती. मला त्यांच्याकडे पाहवेना. ते म्हणाले, "पुसतो. सारी पुसतो." तिला आत बोलावून त्यांनी तिच्यासमोर कॉम्प्युटरमधली मूळ पुडी काढून टाकली, कचऱ्याचा डबाही रिकामा केला.

त्या हप्त्याची पुडी फार छोटी होती. "आयक बे. एक काम सांगतो. गजूची पुडी तुह्याजवय असन तं पुसून टाक. काहून, थे इचारू नोको. त्याची बायको बाजारात भाजी घ्याले येते, एवढं ध्यानात घे." बस. पण तेवढ्यावर चाचांना चैन पडेना. दुकानाला कुलूप लावून ते जुन्या स्कूटरवर गावोगाव फिरायला लागले. शेंदूरजनाघाटच्या नर्सऱ्या, वाटेवरची खेडी, दुसऱ्यांची कार्ड भरायची दुकानं. बाजाराच्या तोंडाशीच पोतं टाकून बसायचे. माणसं आपणहून फोन काढून द्यायची, चाचा गजूला शोधून पुसायचे आणि फोन परत करायचे. एक टपरीवाला तेवढा ऐकेना, कारण गजूमुळे त्याच्याकडे गर्दी व्हायची. चाचा त्याच्या बाकड्यावर जाऊन बसले. "लाव तू. मी चहा पितो. तू लावली का दर बारीनं मी उठतो, अन् तिच्या घरी जाऊन सांगून येतो का आता वाजली." दुसऱ्या दिवशी त्यानेही पुसली.

मी त्यांना म्हटलं होतं, एखादी कुठेतरी ठेवून द्यायला हवी होती, कोणाला कळणार होतं? चाचा माझ्यावर पहिल्यांदा ओरडले. "तिले मी सारी म्हटलं. एक ठेवली तं सारी कशी झाली? तुमी कॉलेजात काय शिकवता?" काही महिन्यांत वरूडच्या बाजारातून गजू गेला. सुनंदा भाजी घ्यायला येऊ लागली. चाचा पुन्हा दर हप्त्याला कपाटात जाऊ लागले, पण त्यांचं ते 'काय करून राहिला बे' आता जरा दबून यायचं.

मी वरूड सोडलं त्याच्या आधीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. तोवर मोठ्या पडद्याचे फोन आले होते आणि कार्ड भरायला येणारे कमी झाले होते. सुनंदा घरी आली. पोरगी आता शाळेत जाणारी, हात धरून उभी. चाचांनी दोघींना आत बसवलं, मलाही वरून हाक मारली, घरात बाईमाणूस नाही म्हणून. मी पाणी दिलं. सुनंदा बराच वेळ पेल्याशीच खेळत होती.

"शेजारच्या पोरीचा बाप सुरतले गेला कामाले," ती म्हणाली. "रोज सांजच्याले फोनवर बोलते थो तिच्याशी. आता ही मांगं लागली. म्हणते, माह्या बाबालेबी फोन लावून दे. मी फोटो दाखवतो तं म्हणते, हा तं बोलतच नाई." ती थांबली. "चाचा, थे पुडी असन ना तुमच्याजवय?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

"तुह्यासमोर पुसली ना, बेटा."

"थे मले मालूम हाये. पण तुमी हुशार माणूस. एखांदी ठेवली असन कोठी."

 सुनंदाच्या घरात गजूचा एक फोटो होता, आवाज कुठेच नव्हता. लग्नाचं शूटिंग केलेलं नव्हतं, त्याचा फोन घाटात गेला होता. चाचा म्हणाले, "बाजाराच्या दिवशी ये. कोणा ना कोणाजवय असनच."

त्यांनी पुडी केली. मी जिन्यात बसून ऐकली. "आयक बे. मांगं मी तुले गजूची पुडी पुसाले सांगतली होती. तू नसन पुसली, तं मी रागावणार नाई. लपवून ठेवली असन, तं घेऊन ये. त्याच्या पोरीले पायजे." मोठ्या फोनवाल्यांना त्यांनी ती फोनवरूनच पाठवली. आता ती बाजाराच्या आधीच गावोगाव पोचली.

बाजाराच्या दिवशी कॉलेज करून मी थेट दुकानात गेले. माणसं येत होती. रिकाम्या हाताने येत होती. पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा चाचांचा हात धरून सांगत होता, "तुमी म्हटलं अन् म्या तेथीच पुसली, चाचा. लेकराची आन." शेंदूरजनाघाटहून एक जण मुद्दाम एसटीने हेच सांगायला आला होता. त्याने घरातल्या चारही फोनांतून पुसली होती. टपरीवाला आला. तो म्हणाला, तुमी गेल्यावर मी दोनदा पाहिलं, राहिली तं नाई म्हणून. प्रत्येक जण शाबासकीच्या अपेक्षेने यायचा आणि चाचांचा चेहरा बघून गडबडायचा. चाचा प्रत्येकाला म्हणत होते, चांगलं केलं बावा, चांगलं केलं.

गर्दी ओसरल्यावर ते स्टुलावर बसले. "एवढा मोठा तालुका," ते म्हणाले, "यात एक हरामखोर निघू नाई? एक? दुनिया कोणाचं आयकत नाई म्हणते, अन् माह्यं साऱ्याईनं आयकलं." त्यांचे डोळे भरून आले होते. मलाही रडू फुटलं आणि मी ते लपवलं नाही.

दिवस मावळताना सुनंदा आली, पोरीला घेऊन. चाचांनी काही सांगायच्या आधीच तिला कळलं असावं.

"मी साऱ्या बाजारातून हळूहळू चालत आली," ती म्हणाली. "एकेका टपरीपाशी उभी राहिली. कोठीच नाई लागली."

"कोणाच्याच जवय नाई, बेटा. म्या पुसाले नोको होती."

"म्याच म्हटलं होतं ना, चाचा."

  पोरीने आईचा पदर ओढला.

"आई, बाबाचा आवाज कसा होता? जाडा का बारीक?"

"जाडा होता," सुनंदा म्हणाली. म्हणाली आणि चाचांकडे पाहायला लागली. "जाडाच होता ना, चाचा?"

"जाडा..." चाचा म्हणाले, आणि अडले. कानाला हेडफोन लावून तो आवाज त्यांनी किती वेळा ऐकला असेल. त्यांनी डोळे मिटले. "जाडा नाई. बारीक होता. हासताना बारीक होत जाये."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. तो आवाज मी वरच्या खोलीत, रस्त्यात, वर्गात ऐकला होता. मी आठवायला गेले आणि मला चाचांचाच आवाज ऐकू येऊ लागला. काहीतरी बोलणं भाग होतं म्हणून मी म्हटलं, घोगरा होता.

पोरगी आळीपाळीने आमच्या तिघांच्या तोंडाकडे बघत राहिली.